गोल्फचा कौल

“सुशांत, रविवारी सकाळी तू काय करतोस?” तळपदे साहेबांनी विचारलं, तेव्हाच सुशांतने सावध व्हायला हवं होतं. पण लोअर परळच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या केबिनमध्ये एसी इतका गार होता आणि साहेब इतके हसतमुख होते, की त्याने भोळेपणाने उत्तर दिलं, “काही विशेष नाही सर.”

हे धादांत खोटं होतं. रविवार म्हणजे सुशांत तावडेचा जीव की प्राण. पहाटे साडेपाचला उठायचं, वडिलांना बाइकवर मागे बसवायचं आणि लालबागहून थेट भाऊच्या धक्क्यावर जायचं. कोळणींशी भांडायचं, हरायचं, तरी जिंकल्यासारखं तोंड करून मासे घरी आणायचे. दुपारी दोन घास जास्त जेवून पंख्याखाली आडवं व्हायचं. सोमवार ते शनिवार माणूस साहेबाचा, रविवारी मात्र स्वतःचा, असं त्याचं साधं तत्त्वज्ञान होतं.

“मग उत्तमच,” साहेब म्हणाले. “कंपनीच्या नावावर गोल्फ क्लबात दोन जागा आहेत. एकीवर मी जातो. दुसरी आपले जगदीशभाई रिटायर झाल्यापासून रिकामी आहे. मी तुझं नाव घालावं म्हणतो. दर रविवारी सव्वासहाला खेळ सुरू, दहा-साडेदहापर्यंत आटपतो. मग तिथेच नाश्ता. घरी यायला बारा.”

सुशांत मनात सबबी शोधू लागला. खर्च परवडणार नाही म्हणावं, तर फी कंपनी भरणार. लांब पडेल म्हणावं, तर शीव ओलांडलं की वीस मिनिटांवर क्लब, आणि साहेब गाडीतून नेणार. खेळ येत नाही म्हणावं, तर साहेब म्हणाले, “मलाही येत नाही.” राहता राहिला एकच शब्द, ‘नाही’. तो सुशांतला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत येत होता. पण साहेबांसमोर तिन्ही भाषा एकदम दगा द्यायच्या. घशाशी आलेला ‘नाही’ गिळून तो भलतंच बोलून गेला.

“सर, आमच्याकडे असं काही नवीन करायचं झालं ना, तर आधी गावच्या देवाला विचारावं लागतं.”

त्याची अपेक्षा अशी, की साहेब हसतील, “काय हे, या जमान्यात!” म्हणतील आणि विषय तिथेच मिटेल. पण साहेब खुर्चीत पुढे सरसावले. “देवाला? म्हणजे कसं विचारतात?”

“कौल लावतात सर. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरव करतात ते. आता व्हिडिओ कॉलवरपण होतं.” हे शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं, पण माणूस एकदा खोट्यात उतरला की नीट सजवून बोलतो.

“कधी लावणार कौल?”

“शनिवारी... बहुतेक.”

“मी आलो तर चालेल का रे?” साहेबांनी विचारलं. आता याला नाही कोण म्हणणार? सुशांत तर नाहीच नाही.

चार वाजेपर्यंत बातमी अख्ख्या मजल्यावर फिरली. अकाउंट्समधल्या रघुवीरने तर गळ घातली, “यार, जमलं तर माझ्या विरारच्या फ्लॅटचा ताबा कधी मिळेल तेपण विचारून टाक.”

घरी आल्यावर सुशांतने झाला प्रकार सांगितला, तेव्हा त्याची बायको आकांक्षा भाजी चिरता चिरता इतकी हसली, की सुरी बाजूला ठेवावी लागली. वडील गणपतराव मात्र हसले नाहीत. गिरणीत पंचवीस वर्षं साचा चालवलेला माणूस. मुंबईत हयात गेली, तरी रागावले की थेट गावच्या भाषेत जात.

“खोटा बोलाक तुका देवच गावलो काय रे?”

“बाबा, ते तोंडातून निघून गेलं.”

“तोंडातना देवाचा नाव इला ना? मग आता इचारूकच व्हया. आणि देव सांगात ता करूक व्हया. आणि ह्यो गोल्फ म्हंजे काय?”

सुशांतने समजावून सांगितलं. काठीने चेंडू मारायचा, मग चालत त्याच्याजवळ जायचं, मग पुन्हा मारायचा.

“काठी घेवन फिरूचा वय माझा हा, तुझा नाय,” गणपतराव म्हणाले आणि गावी दगडू गुरवाला फोन लावायला उठले.

आई रखमाबाईंची चिंता वेगळीच होती. “सायब घराक येतले? मग पडदे धुवूक व्हये.” झालं, कौलाआधी पडदे धुतले गेले.

सुशांतसमोर आता एकच आशा उरली होती, ती म्हणजे डावी पाकळी. देवच नको म्हणाला, तर साहेब तरी काय बोलणार? पण देवावर सगळं सोपवायची त्याची तयारी नव्हती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसच्या जिन्यात गेला आणि हळू आवाजात दगडू गुरवाला फोन केला.

“दगडूकाका, उद्या आपला कौल आहे ना, त्यात तेवढी डावी पाकळी जरा सैल लावाल का?”

दगडूकाका म्हणाले, “झिला, चाळीस वर्सां देवाची पूजा करतंय. लोकांनी जमिनीचो कौल घेतलो, लगनाचो घेतलो, म्हशीचो घेतलो. पण पाकळी सैल लावा म्हणान सांगणारो तूच पयलो. मुंबैक ऱ्हवान ह्याच शिकलंस?”

“सॉरी काका.”

“आता बघ, दोनय घट्ट लावतंय,” म्हणत काकांनी फोन ठेवला. सुशांतला तसंच, न जेवता, मीटिंगला जावं लागलं.

शनिवारी दोघांचीही अर्धी सुट्टी टाकून सकाळी दहा वाजता तळपदे साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन चाळीचे तीन जिने चढून आले. साहेब मूळचे गिरगावातल्या फणसवाडीचे, त्यामुळे चाळीचा जिना त्यांना नवा नव्हता. पण साहेब म्हणून कोणी जिना चढला, की चाळीला मात्र तो नवाच असतो. शेजारच्या शेवंतीमावशी साखर मागायला आल्या आणि बसल्या. मग त्यांना शोधत त्यांची सून आली, सुनेला शोधत तिचा नवरा आला. बघता बघता खोलीत पंधरा माणसं झाली. आकांक्षाने फोन टीव्हीला जोडला, आणि बत्तीस इंची पडद्यावर गावचा रवळनाथ प्रकट झाला. दगडूकाकांनी आपला मोबाइल समईला टेकवून ठेवला होता.

“सायबांनू, बसा,” गणपतराव म्हणाले. “चाय घेतल्याशिवाय कौल नाय.”

चहा झाला. दगडूकाकांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि खरोखरच दाबून दाबून चिकटवल्या. मग हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा रवळनाथा, महाराजा!”

“व्हय महाराजा!” पंधरा माणसं एकदम ओरडली. साहेब दचकले.

“ह्यो सुशांत, गणपत तावड्याचो झील, मुंबैत कंपनीत चाकरी करता, महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“त्येच्या सायबान त्येका काठयेन चेंडू मारूच्या किलबात बोलावल्यान हा, महाराजा!”

“व्हय महाराजा!” यात आता साहेबांचाही आवाज होता.

“चेंडू एक हा आणि भोकां अठरा हत, ह्या कित्याक ता माका म्हायत नाय, महाराजा! पण त्येना थय जावचा असात तर उजवी सोड, नाय जावचा असात तर डावी सोड!”

सुशांतने डोळे मिटून मनातल्या मनात रवळनाथाला साकडं घातलं, की बाबा रे, एवढा एक रविवार वाचव, पुढच्या जत्रेला सहकुटुंब येतो. डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर देव नव्हता. एक गोल चक्र फिरत होतं.

“रेंज गेली,” आकांक्षा म्हणाली.

पंधरा माणसं त्या चक्राकडे श्वास रोखून बघत बसली. शेवंतीमावशींनी तर त्यालाच हात जोडले. अर्ध्या मिनिटाने चित्र परत आलं. पडद्यावर डाव्या हाताची पाकळी खाली पडली होती.

“डावी!” सुशांत टुणकन उडाला. “डावी पडली! सर, फार वाईट वाटतंय. पण आता देवापुढे आपण काय बोलणार?”

“गप ऱ्हव,” गणपतराव म्हणाले. “ती तुझी डावी. देव आपल्याकडे तोंड करून बसलो हा. देवाची ती उजवी.”

“उजवो कौल!” पडद्यावरून दगडूकाकांनी शिक्कामोर्तब केलं. “जा झिला, खेळ!”

सुशांत मटकन खाली बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रखमाबाईंनी साखर वाटली. साखर तोंडात विरघळत असताना त्याला धक्क्यावरची पहाट आठवली आणि अगदी रडू यायचं बाकी राहिलं. चेष्टा नाही, माणसाचे सगळे रविवार गेले होते, तेही स्वतःच्याच तोंडाने.

या गडबडीत तळपदे साहेबांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते टीव्हीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“काका, माझाही एक प्रश्न विचारता येईल का?”

“तुमचो?” गणपतराव चमकले.

साहेब सांगू लागले. “माझे सासरे त्या क्लबाचे प्रेसिडेंट होते. तिथे त्यांचा फोटो आहे भिंतीवर. लग्नानंतर त्यांनी मला तिथे नेलं. ते गेले, पण बायको म्हणते, पप्पांची आठवण आहे, चुकवायचं नाही. चौदा वर्षं झाली काका. चौदा वर्षं दर रविवारी पहाटे उठून मी त्या गवतात चेंडू शोधतोय. मला तो खेळ अजिबात आवडत नाही. एकट्याने कंटाळा येतो, म्हणून या सुशांतला सोबत नेणार होतो. देवाला विचारा, मी सोडू का?”

खोलीत कोणी हसलं नाही. दगडूकाकांनी पडद्यावरून विचारलं, “सायब गावचे नायत ना आमच्या? मगे चलात काय?”

“देव सगळ्यांचो,” गणपतराव ठामपणे म्हणाले.

“रेंज फोनाक व्हयी, देवाक नाय,” दगडूकाकांनाही ते पटलं. त्यांनी नव्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आतच देवाच्या उजव्या हाताची पाकळी टपकन खाली आली. “व्हय महाराजा!” म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल, तर साहेब. तिथल्या तिथे त्यांनी घरी फोन लावला.

“क्षितिजा, मी क्लब सोडतोय. देवाने सांगितलं. रवळनाथाने... नाही, आपला नाही, तावड्यांचा. पण आपल्यालाही लागू होतो... पप्पांची आठवण? तिची व्यवस्था झालीये. आपला सुशांत जाणार आहे ना!”

सुशांतने तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे मिटलं.

पुढच्या रविवारी सव्वासहाला तो एकटाच क्लबात हजर होता. पहिल्या फटक्यात गवत पन्नास फूट उडालं आणि चेंडू जागेवर राहिला. दुसऱ्या रविवारी चेंडू तळ्यात गेला. तिसऱ्या रविवारी एका वृद्ध मेंबराने त्याला अर्धा तास साहेबांच्या सासऱ्यांच्या आठवणी सांगितल्या आणि त्याने त्या उभ्या उभ्या ऐकून घेतल्या. चौथ्या रविवारी सातव्या भोकापाशी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, त्याने मनाशी निश्चय केला. बस झालं. साहेबांना भेटायचं आणि तोंडावर सांगायचं, सर, मला जमणार नाही. टॅक्सीतून परत येताना त्याने ते वाक्य वीस वेळा म्हणून पाहिलं. ड्रायव्हरनेही एकदा मान डोलावून दाद दिली.

साहेब कुठे भेटतील, याची चौकशी करायची गरज नव्हती. कौल लागल्यापासून दर रविवारी पहाटे ते लालबागला गाडी घेऊन यायचे, गणपतरावांना पुढच्या सीटवर बसवून भाऊच्या धक्क्यावर जायचे, आणि मग जेवूनच घरी परतायचे. सुशांत जिना चढून वर आला, तेव्हा साहेब बर्म्युडा घालून त्याच्या जागेवर, त्याच्या पाटावर, गणपतरावांच्या शेजारी मांडी घालून बसले होते. नाकाच्या शेंड्यावर घाम, बोटांना कालवण.

“ये ये सुशांत!” ते म्हणाले. “अरे, आज सुरमई मी घेतली. स्वतः! कोळणीने मला काय शिव्या दिल्या माहितीये? माझे वडील घ्यायचे, तशी घेतली. ते गेल्यावर मी बाजाराचं तोंड बघितलं नव्हतं रे.” त्यांनी घाईने भाताचा घास घेतला.

“सायबांनी भाव बरो केल्यानी,” गणपतराव म्हणाले. मुलाची अशी तारीफ त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

“सर,” सुशांत म्हणाला. “मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.”

“बोल ना.”

साहेब वर बघत होते. डोळे किंचित ओले होते आणि मिशीला नारळाचा रस लागला होता. चौदा वर्षांनी सुटून आलेल्या माणसाचा तो चेहरा होता. आकांक्षा हसू दाबत दारात उभी होती, कारण पुढे काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“काही नाही सर. सावकाश जेवा.”

रखमाबाईंनी त्याच्यासाठी भिंतीकडेला पाट मांडला आणि ताट आणलं. मग पातेल्यात पळी फिरवत त्या थोड्या ओशाळल्या.

“मधल्यो तुकड्यो सायबांक वाढलंय रे. तुका शेपटी चलात मा?”

सुशांतने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं.

“चालेल,” तो म्हणाला.