घरपोच नकार

मोंडकरकाकांनी माझी पहिली कथा नाकारली, तेव्हा ती परत द्यायला ते स्वतः दोन मजले उतरून आमच्या घरी आले होते. यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. विशेष हे, की कथा मी त्यांना ई-मेलने पाठवली होती. परत देण्यासारखं काही नव्हतंच. पण काका सायबर कॅफेत गेले, त्यांनी माझी कथा छापून घेतली, पानांना टाचणी लावली, ती कापडी पिशवीत घातली आणि मग आमची बेल वाजवली. परत द्यायचं तर हातात काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं.

आले, चपला काढल्या, पाणी मागितलं. ग्लास पूर्ण संपवला आणि म्हणाले, “नीलिमा, तुझी कथा घेत नाही.”

माझा नवरा सुहास टीव्ही बघत होता. कुणी गेल्याची बातमी आल्यावर करतात तसा त्याने आवाज बंद केला. मी नुसती उभी होते. काका मात्र शांतपणे बसून राहिले. ते चहाची वाट बघतायत, हे आमच्या जरा उशिराच लक्षात आलं.

श्रीधर मोंडकर म्हणजे ‘मिठागर’ या मराठी ऑनलाइन मासिकाचे संस्थापक, संपादक, मुद्रितशोधक आणि शिपाई. ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मंडळींना तेव्हा इंटरनेट म्हणजे परदेशातल्या भाच्याचे फोटो, एवढंच ठाऊक होतं. अशा काळात या निवृत्त माणसाने कुणाची जाहिरात नाही, कुठल्या मंडळाचा आधार नाही, घरात स्वतःचा कॉम्प्युटरसुद्धा नाही, असं असताना मासिक काढलं. सोसायटीच्या गच्चीवरून खाडीकडची मिठागरं दिसायची, म्हणून नाव ‘मिठागर’. अंक पौर्णिमेला निघायचा. तारीख विचारली तर काका म्हणायचे, “उधाण बघा.”

त्यांची सगळी समीक्षासुद्धा मिठागरातलीच. कथा पसरट असली की “पाणी आहे” आणि जरा जमत आली असली की “आटतंय, आटतंय.” याच्या पलीकडचा एकही जड शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ कथेच्या आकृतिबंधावर तासभर बोलत असत. पण माझ्या कथेत नेमकं कुठे पाणी आहे, ते काकांनाच सांगता यायचं.

सुरुवातीला ‘मिठागर’ वाचायचं तर आधी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे. नाही घेतला तर पडद्यावर नुसते चौकोन. मस्कतहून एका वाचकाने फोन करून सांगितलं, की तुमच्या अंकातली कविता काही कळत नाही. काकांनी विचारलं, कळत नाही की दिसत नाही? दिसत नसेल तर उपाय आहे. पुढे युनिकोड आलं आणि जुना फाँट बाद झाला. जुने सगळे अंक चौकोनांत जमा होणार, असं दिसायला लागलं. तेव्हा काका रोज सायबर कॅफेत जाऊन बसले आणि पहिल्या अंकापासून प्रत्येक ओळ दोन बोटांनी पुन्हा टाइप करत गेले. कॅफेवाले जिग्नेशभाई त्यांना म्हणायचे, अंकल, ये सब कौन पढेगा? काका म्हणायचे, वो बाद में देखेंगे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. माणसाच्या चिकाटीपुढे हात टेकावेत, असं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं, त्यातलं हे एक.

आता त्यांचा नियम. कथा घेतली, तर एका ओळीचा ई-मेल: “आपली कथा घेतली आहे.” खाली नुसतं ‘संपादक’. नाकारली, तर मात्र स्वतः जायचं, मग लेखक कुठेही राहो. एका शाळामास्तरांची कथा नाकारायला ते एसटीने चिपळूणला जाऊन आले होते. काशीमीऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने प्रेमकविता पाठवल्या, तर ट्रकखाली आडव्या पडलेल्या त्या माणसाशी काका वाकून बोलत होते, हे आमच्या रिक्षावाल्याने पाहिलंय. एका नगरसेवकाने आईवर कविता पाठवली होती. भर दुपारी, ऑफिसात अर्ज घेऊन पंचवीस-तीस माणसं बसलेली असताना, काका पुढे गेले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “तुमची कविता घेत नाही.” नगरसेवकाने त्यांना आतल्या खोलीत नेलं. बाहेरच्यांना वाटलं, गेले मोंडकर. काका बाहेर आले ते हातात थंड पेयाची बाटली घेऊन. साहेबांचं म्हणणं पडलं, की निवडून आल्यापासून मला तोंडावर कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

माझं म्हणाल तर मला तो एका ओळीचा ई-मेल हवा होता. बस, दुसरं काही नको होतं. मी औषधांच्या एका कंपनीत हिशेब बघायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच कॉम्प्युटरवर कथा टाइप करायचे. पाठवली की पौर्णिमेच्या आत बेल वाजायची. दार उघडायच्या आधीच मला कळायचं, कारण काका बेलसुद्धा एकदाच, ठाम वाजवतात. सुहासला मात्र त्यांच्या येण्याची गोडी लागली होती. काका आले की भजी व्हायची. “तुझी कथा घेतली तर हे यायचे बंद होतील, बघ,” तो म्हणायचा. “मग भजी कुणाच्या नावाने करणार?” मला त्याचा राग यायचा.

एका रविवारी मी काकांबरोबर उत्तनजवळच्या पालीला गेले. दुसऱ्याचा नकार पाहिला की आपला जरा हलका होईल, असा माझा साधा हिशेब होता. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. पास्कल नावाच्या मच्छीमाराची कविता त्याच्या पुतणीने पाठवली होती. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. काकांनी पाणी घेतलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

पास्कलच्या हातातली सुई थांबली. “घेत न्हाय, तर मंग आलात कशाला?”

काकांनी पिशवी खाली ठेवली. ते त्याच्या शेजारी जाळ्यावरच बसले आणि त्याची कविता म्हणायला लागले. कागद पिशवीतच होता. कविता चांगली लांबलचक होती, आणि काकांना ती पाठ होती. लाटा झाल्या, चंद्र झाला, होडी झाली. मग ते एका ओळीवर थांबले. “‘बापानं दर्याला हाक न्हाय मारली, नुसत्या चपला काढल्या.’ ही ओळ तुमची. बाकीच्या मी आधी कुठे ना कुठे ऐकल्यात.”

“ती तर मी खोडणार होतो,” पास्कल म्हणाला. “माझा बाप तसाच करायचा. ती काय कविता हाय?”

“तेवढीच आहे,” काका म्हणाले.

पास्कलने सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग त्याने आत बघून बायकोला बोंबील तळायला सांगितले. काका पोटभर जेवले. संपादकाने नाकारलेल्याकडे खुशाल जेवावं, घेतलेल्याच्या घरची पायरीही चढू नये, नाहीतर पुढची कथा नाकारताना जीभ अडखळते, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. मी मात्र नीट जेवू शकले नाही. जी कविता घ्यायचीच नाही, ती माणूस पाठ करतो, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणजे माझ्याही सगळ्या फसलेल्या कथा या माणसाला पाठ होत्या.

परतीच्या बसमध्ये मी कारण विचारलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नोकरी विमा कंपनीत झाली. दावे नाकारल्याची छापील पत्रं जायची, त्यावर माझी सही. ज्यांना ती मिळाली, त्यातला एकही चेहरा मी पाहिलेला नाही.” एवढं बोलून त्यांनी कंडक्टरला पुढचा स्टॉप विचारला.

त्यानंतर मी त्यांच्या नकारांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. प्रत्येक वेळी ते एक वाक्य हातावर ठेवून जायचे, “एवढं खरं आहे” म्हणायचे. मी तेच घेऊन पुढची कथा लिहायचे. असं करत करत काही वर्षं गेली, आणि एका दुपारी ऑफिसात तो ई-मेल आला. सासूबाईंच्या कानातल्या यंत्रावरची कथा होती. “आपली कथा घेतली आहे. संपादक.” मी ती ओळ इतक्या वेळा वाचली, की शेजारच्या टेबलावरच्या बाई काळजीने पाणी घेऊन आल्या.

संध्याकाळी मी भजी केली. नियम ठाऊक होता, तरी दोन मजल्यांवरच्या शेजाऱ्याला कसला आलाय नियम, असं वाटत होतं. बेल वाजली नाही. भजी सुहासने संपवली आणि शहाणपणा करून तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी काका जिन्यात भेटले. एरवी “काय, आटलं का पाणी?” विचारणाऱ्या माणसाने मला हात जोडून नमस्कार केला. तोही ‘आपण कशा आहात’ विचारून. मला रडूच आलं.

महिना गेला, दुसरा गेला. काका कुठेच जाताना दिसेनात. पिशवी नाही, एसटी नाही, जिग्नेशभाईंकडेही क्वचितच. शेवटी मीच मिठाई घेऊन वर गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बिल्डिंगमधल्या कुणीच टाकलं नव्हतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, खांद्याला कापडी पिशवी. मी म्हटलं, कुठे निघालात वाटतं. ते म्हणाले, निघालो नाही, या वेळेला तयार व्हायची सवय आहे. पिशवी रिकामी होती.

मग त्यांनी सांगितलं, अगदी सहज, चांगली बातमी सांगावी तसं. आता ज्याचा त्याचा ब्लॉग झालाय. लिहिलं की ज्याचं तो छापतो, कुणाला विचारायला नको. चिपळूणच्या मास्तरांचा आहे. पास्कलच्या पुतणीने त्याचाही काढून दिलाय. ‘मिठागर’कडे येतात त्या नाव झालेल्यांच्या कथा, त्या घ्याव्याच लागतात. “नाकारण्यासारखं कुणी पाठवतच नाही,” ते म्हणाले. “चांगलंच आहे म्हणा.”

काका भाईंदरला यायच्या आधीच काकू वारल्या होत्या, हे मी ऐकून होते. काकांनी चहा ठेवला. फळीवर एकच कप होता. दुसरा टेबलावर होता, पेनं ठेवलेला. त्यांनी पेनं काढून टेबलावर ओळीने मांडली, तो कप घासला, पुसला, उजेडात धरून बघितला आणि त्यात स्वतःचा चहा ओतला. फळीवरचा मला दिला. मिठाईला हात लावला नाही, कारण ती घेतलेल्या कथेची होती. मला फार वाईट वाटलं. या माणसाने घरंच्या घरं जोडली, आणि त्याच्याकडे पाहुण्याला दुसरा कप नव्हता.

खाली आले आणि त्याच आठवड्यात एक कथा लिहायला घेतली. जमेल तितकी वाईट. नायिका खोकत होती. सूर्यास्त ठिकठिकाणी होता. श्रीमंत डॉक्टर होता, त्याला पश्चात्ताप होत होता. नायिकेचा म्हातारा बापही होता, पण तो जागा भरायला. असलं सगळं कोंबून मी कथा पाठवून दिली आणि वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली, एकदाच. सुहास उठून टीव्हीच बंद करून आला. काकांनी चपला काढल्या, पाणी मागितलं, ग्लास संपवला.

“नीलिमा, तुझी कथा घेत नाही.”

“का हो काका?” मी जमेल तेवढ्या भोळेपणाने विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, हे मलाही कळलं. पण ते कोचावर नीट बसले आणि ती कथा म्हणायला लागले. पहिल्या वाक्यापासून. खोकला, सूर्यास्त, डॉक्टर, सगळं. तसली कथासुद्धा या माणसाने पाठ केली होती. सुहास हसू दाबत होता. मला हसू येत नव्हतं, मी नुसती बघत होते.

मग ते म्हाताऱ्या बापाशी आले. “‘बापाने पेनं काढून टेबलावर मांडली आणि पाहुणी आली म्हणून दुसरा कप धुतला.’” इथे ते थांबले. पुढचं त्यांना आठवत नव्हतं असं नाही.

“एवढं खरं आहे,” ते म्हणाले. “बाकी पाणी.”

मी स्वयंपाकघरात जाऊन भज्यांचं पीठ भिजवायला घेतलं. मी कढई ठेवत होते, तेव्हा काका दारात येऊन उभे राहिले.

“हे वाक्य घेऊन पुढची लिही. तुला जमेल,” ते म्हणाले. “फक्त लगेच चांगली लिहू नकोस.”