चावा घेतलेला रुपया

लग्नात आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. आपण पाकीट देतो, फोटोला उभं राहतो आणि पंगत गाठतो. आमच्या वडवणीत मधे महालिंगअप्पा लागतात. आहेर लिहून घेणाऱ्याशेजारी खुर्ची टाकून ते बसलेले असतात. डोळ्यात घड्याळजीचं भिंग अडकवून प्रत्येक पाकिटावरचा रुपया दोन्ही अंगठ्यांनी चाचपून बघतात. आत पाचशे आहेत की पन्नास, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एकदा मुलीच्या मामांनी मला विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आयकरवाले." मामा त्या दिवशी पोटभर जेवले नाहीत.

अप्पांचं किराणा दुकान आणि माझं ग्रील-गेटचं वेल्डिंगचं दुकान समोरासमोर आहे. त्यामुळे त्यांचं हे वेड मला रोज फुकटात बघायला मिळतं. गिऱ्हाईक साखर मागतं. अप्पा आधी पैसे मागतात, नाणी पोत्यावर पसरतात आणि भिंग लावतात. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणतात, "थांब बे, रुपयाची तब्येत बघू दे." घरी चहाचं आधण आटून जातं, पण तब्येत बघणं संपत नाही.

आमच्याकडे दहाचं नाणं कुणी घेत नाही. ते नकली असतं अशी आवई कधीतरी उठली. ती खोटी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरा घेणार नाही म्हणून पहिलाही घेत नाही. अप्पा तेवढे घेतात. त्यामुळे अख्खं गाव आपली दहाची नाणी त्यांच्या गळ्यात मारतं आणि पाठ वळली की त्यांना येडं म्हणतं. ज्याचा उपयोग होतो त्यालाच हसायचं, ही आमच्या गावाची जुनी रीत आहे. तिला मीही अपवाद नाही.

अप्पांचे निकाल दोनच. नाणं टाकसाळीतच बिघडलं असेल तर "जन्माची चूक", आणि नंतर कुणी ठोकलं, घासलं, जाळलं असेल तर "बाजारातली खराबी". मोबाइलवर 'या नाण्याचे लाखो रुपये मिळवा' असले व्हिडिओ सुरू झाल्यापासून लांबलांबून माणसं नाणी घेऊन येतात. माजलगावहून एकजण मोटारसायकलवर आला होता. अप्पांनी भिंग लावलं आणि नाणं परत दिलं. "बाजारातली खराबी. जा घरी."

"पाच लाख देतेत म्हने."

"कोन देतंय? त्यालाच जाऊन माग की."

हेच निकाल ते माणसांनाही लावत. एका पुढाऱ्याचा मुलगा दारूच्या नादी लागला, तेव्हा म्हणाले, "पोरगं जन्मानं बरं होतं. बाजारातली खराबी." मग माझ्या गिऱ्हाइकादेखत माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो मिस्तरी मातर जन्माची चूक हाय." गिऱ्हाईक हसलं आणि गेटची ऑर्डर दुसरीकडे देऊन आलं. हे मी मनात ठेवलं.

गिरजाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यानंतर अप्पांना हा नाद लागला. एकट्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. आपल्याला काय हवंय हे अप्पा लपवतही नसत. "मला एकच नानं पायजे. चावा घेतलेला रुपया." पुऱ्या वाटीनं पाडताना वाटी आधीच्या भोकावर पडली तर पुरीचा लचका गेलेला निघतो. टाकसाळीत पत्र्याच्या चकत्या पाडतानाही कधी तसंच होतं. तसला एक स्टीलचा रुपया या भागात फिरतोय आणि तो त्यांना हवा होता. त्याची किंमत कोटीच्या घरात असणार, यावर आमच्या चौकाचं एकमत होतं.

मग सगळं गाव मोबाइलनं पैसे द्यायला लागलं. अप्पांनी दुकानात तो चौकोनी कोड लावू दिला नाही. गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं. मी म्हणालो, "अप्पा, लावा की कोड. धंदा बसला तुमचा."

"चिल्लर बंद झाली तर त्यो रुपया माझ्यापातुर येनार कसा बे?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला तेव्हाही हसूच आलं.

एका दुपारी हाताला काम नव्हतं. दुकानात दोन रिकामटेकडे मित्र बसले होते. मी एक रुपया पकडीत धरला, ग्राइंडरनं त्याच्या कडेला सुबक गोल चावा घेतला, काजळी आणि तेल चोळून त्याला म्हातारा केला आणि समोर जाऊन शाम्पूची पुडी मागितली.

अप्पांनी भिंग लावलं. नाणं घेऊन ते दाराच्या उजेडात आले.

"कुठनं आला ह्यो? आंबेजोगाईवरनं आलाय का?"

अंबाजोगाईच का, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. "तिथलाच हाय," मी ठोकून दिलं.

अप्पा पोत्यावर बसले. भिंग धोतराला पुसलं. त्यांच्या तोंडावर असा काही आनंद मी कधी बघितला नव्हता, आणि तो बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण फार वाईट काहीतरी केलंय. मग त्यांनी नाणं फिरवलं, चाव्याच्या बरोबर समोरची कड बघितली. खूप वेळ बघितली.

"समोरची कड शाबूत हाय," ते म्हणाले. "जन्माचा चावा असला की समोरची कड बी पुसट उठती. दाबच बसत न्हाई तिथं. ह्याला ग्राइंडर मारलाय, मिस्तरी."

माझ्या दुकानातून मित्रांचं खिदळणं ऐकू येत होतं. अप्पांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी चाचरत विचारलं, "एवढं काय हाय अप्पा त्या रुपयात?"

"हिला घेऊन आंबेजोगाईच्या दवाखान्यात गेलतो न्हवं, तवाची गोष्ट. पदराच्या गाठीत असला एक रुपया जपलता तिनं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मोबाइलमधी नान्यांच्या किमतीचं काय काय दावलं. तर मला म्हनली, ह्येच्यात काही हाय का हो? आपला दवाखान्याचा खर्च निघल. मी लई कावलेलो. म्हनलं, कुनीतरी छिन्नीनं तोडलाय, काय बी न्हाई त्यात. तिच्या हातनं घेतला, त्यात वरचे पैसे घातले, खालनं चहा आनला आन् तिलाच पाजला. गुमान पिली. चौथ्या दिवशी गेली."

मी माझा तो रुपया उचलून खिशात टाकला.

"पुढं बीडला नान्यांचं प्रदर्शन लागलतं. तिथं एकानं असला रुपया दावला, समोरची कड पुसट. तिच्या रुपयाची बी तशीच होती, मला पक्कं याद हाय. खरा होता त्यो. आमच्यात जाळत न्हाईत, माती देतेत. तिची जागा हितंच हाय, वढ्याच्या पलीकडं. इतकी वर्सं झाली, मी गेलो न्हाई. रिकाम्या हातानं जाऊन काय सांगू तिला?"

"अप्पा, लाखाची गोष्ट होती. माणूस चुकतो," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"लाखाला आग लाव बे," अप्पा म्हणाले. "खोटा असता तरी काय झालं असतं? चार दिसाची पाव्हनी होती ती. मला नुसतं 'हाय' म्हनायला काय झालतं?"