बाबारावकाकांचे शेणकिडे

आमच्या शेजारचे बाबारावकाका सत्काराला शाल-श्रीफळ नेत नाहीत, शेणकिडा नेतात. दगडाचा, मुठीत मावेल एवढा, स्वतः कोरलेला.

काका शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठंतरी वाचलं, की इजिप्तचा एक राजा, म्हणजे फारो, काही विशेष घडलं की दगडाचे शेणकिडे कोरवून घ्यायचा, पोटावर मजकूर खोदवायचा आणि दूरदूर पाठवायचा. सिंह मारले, काढ किडा. राणीसाठी तळं खोदलं, काढ किडा. तेव्हापासून अमरावतीतल्या आमच्या गल्लीचं काही खरं राहिलं नाही. मी स्कूटर घेतली, किडा आला. समोरच्या वकिलांचं पित्ताशय काढलं, तर शुद्धीवर यायच्या आत उशाशी किडा.

"फारोनं केलं, आपन काहून नाई?" हे काकांचं पालुपद.

काकू म्हणायच्या, "लोकाईच्या शोकेसमंदी कप रायतात, आमच्या इथं किडे. पावने बसाले भेतात."

गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या रस्त्याचं भूमिपूजन झालं. काकांनी स्टेजवर जाऊन नगरसेवकांना किडा दिला.

"कासव हाय का, सर?"

"शेणकिडा. तिकडं राजाचा मान हाय त्याले. दुसऱ्याचं शेन गोल करते अन् आपलं म्हनून ढकलत नेते."

टाळ्या पडल्या, फोटो निघाले. घरी गेल्यावर साहेबांनी किडा उलटा केला असावा. पोटावर कोरलं होतं : 'याच रस्त्याचे दुसरे भूमिपूजन.' रस्ता अजून झालेला नाही. किडा मात्र दुसऱ्याच दिवशी परत आला.

पुढं काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी अकोल्याची. आईवडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेली. पत्रिका मामांनी छापली. तिच्यात आजी-माजी आमदार होते, सोसायटीचे चेअरमन होते, मामांच्या दुकानाचा पत्ताही होता. मुलीचे आईवडील तेवढे नव्हते.

मंगलाष्टकं झाली आणि काका खिशात हात घालून स्टेजवर चढले. काकूंनी कपाळाला हात लावला. "इथंबी?"

सुनेनं किडा घेतला, उलटा केला आणि तशीच उभी राहिली. मी मागून वाकून पाहिलं. तिच्या वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि खाली : 'यांची लेक आमच्या घरी आली.'

"राजानं लग्नाचा किडा काढला, तवा रानीच्या मायबापाचं नाव कोरलं होतं, पोरी," काका हळूच म्हणाले. "तुह्या मायचं नाव मामीले इचारलं."

फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, इकडं पाहा!"

"थांब ना बे जरासा," काका त्याच्यावर खेकसले. "वाचू दे तिले."