सासरे, गुडघा आणि सरकती सीट

मी स्क्रूड्रायव्हरचा सेट विकत घेतला आणि तिथूनच सगळं बिघडलं, असं आमच्या घरात मानलं जातं. मला ते मान्य नाही. तेव्हाही नव्हतं आणि सगळं होऊन गेल्यावर आताही नाही. सेट उत्तम होता. बत्तीस टोकं आणि वर एक लोहचुंबक.

माझ्याकडे एक गाडी आहे. साधीसुधी नव्हे. वीस वर्षांपूर्वी ती रस्त्यावरून गेली की लोक मान वळवून बघत. एका दातांच्या डॉक्टरांनी ती हौसेने वापरली आणि निवृत्त होताना मला विकली. (किल्ली देताना ते हसले होते. मला ते जिव्हाळ्याचं हसू वाटलं. आता वाटतं, दात उपटायच्या आधी ते पेशंटकडे बघून असंच हसत असणार.) आत खऱ्या चामड्याच्या सीट, डॅशबोर्डला लाकडाची पट्टी, छतात सरकणारी काच, म्हणजे सनरूफ. पुढच्या दोन्ही सीट बटणावर पुढेमागे होतात, उताण्या होतात, वर कंबरही शेकून देतात. मी विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात कारकून आहे. आमच्या मॅनेजरच्या खुर्चीलाही एवढी बटणं नाहीत.

आता वीस वर्षांची गाडी म्हटल्यावर तिला काही खोडी असणारच. छताचं कापड सुटून मागच्या माणसाच्या डोक्यावर पदरासारखं यायचं. माझ्या बाजूची काच मनात आलं की दारात बुडी मारायची. आणि गाडी धुतली की सनरूफच्या कडेला पाणी साठून राहायचं, ते ब्रेक लागल्यावर थेट शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर यायचं. शेजारी नेहमी माझी बायको असते. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची तक्रारही मुद्देसूद असते.

"आज तीन सिग्नल लागले," ती साडी पिळत म्हणाली, "आणि तीन वेळा भिजले. आता हा योगायोग म्हणता येणार नाही."

म्हणून मी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याला सगळे फोरमन म्हणतात. फोरमनने हात पाठीमागे बांधून गाडीभोवती दोन चकरा मारल्या, जसा माणूस कुणाच्या घरी सांत्वनाला येतो तशा.

"साहेब, हिचा मोह सोडा."

"म्हणजे?"

"पार्ट मिळत नाहीत. एक ठिकाणी उघडलं की तीन ठिकाणी तुटतं. मागे अशीच एक हातात घेतली होती. दोन महिने बायको माझ्याशी बोलत नव्हती."

"मग मीच करतो," मी म्हणालो.

"काय करता?"

"दुरुस्त."

फोरमन हसला. नुसता हसला असता तर मी सोडून दिलं असतं. पण तो इतका हसला की पलीकडच्या गाडीखाली झोपून काम करणारा त्याचा भाऊ काय झालं ते बघायला सरपटत बाहेर आला, आणि त्याला कारण सांगितल्यावर तोही हसला. मी तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बत्तीस टोकं.

पहिल्या रविवारी काच. दाराच्या आतली तिची पकड तुटली होती. मी खिडकीच्या फटीतून तिथे लाकडाची पाचर ठोकली. काच वर जी बसली ती कायमची. खाली येणं बंद. (खाली येते हीच तक्रार होती. मग मी चुकलो कुठे?)

दुसऱ्या रविवारी छताचं कापड. डब्यावर लिहिलं होतं, 'गोंद लावून हाताने घट्ट दाबून धरा.' मी दाबून धरलं. गोंद अस्सल होता. पुढची वीस मिनिटं मी गाडीत गुडघ्यावर बसून छताला आशीर्वाद देत होतो. शेवटी बायकोने कोमट पाणी आणि तेल आणून माझा हात सोडवला. छतावर पंजाचा ठसा राहिला आहे, पण कापड? अजून जागचं हललेलं नाही.

अशा विजयी घोडदौडीत असतानाच माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

सासरे म्हणजे निवृत्त वजनमाप निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि लग्नानंतरची बारा वर्षं मला तपासताहेत. गाडी घेतली तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मोठी आहे. ढकलायला माणसं जास्त लागतील."

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी सर्जन म्हणाले, "रविवारी घरी न्या. पाय सरळ राहायला हवा. गुडघ्याला धक्का लागता कामा नये. लहान गाडी नको, ॲम्ब्युलन्स सांगा."

"ॲम्ब्युलन्स?" सासरे उसळले. "मी धडधाकट आहे!"

"मग माझ्या गाडीतून चला, बाबा," मी म्हणालो. "पुढची सीट मागे घेतली की पाय ताणून बसता येतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी देवाकडे बघितलं. सासऱ्यांनी छताकडे.

"पाणी पडतं ना तिच्यात?" ते म्हणाले.

"रविवारपर्यंत नाही पडणार," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी मी कामाला लागलो. सनरूफच्या कोपऱ्यात पाणी वाहून जायला भोक असतं. तिथून एक नळी काचेशेजारच्या खांबातून खाली जाते आणि गाडीच्या पोटातून पाणी बाहेर सोडते. नळी तुंबली होती. मी पडद्याची स्प्रिंग घालून बघितली. मग सायकलचा पंप लावला आणि दात ओठ खाऊन हाणला. दहाव्या दणक्याला खांबाच्या आतून 'फट्' असा आवाज आला. मी मगभर पाणी ओतलं. गायब! दुसरा मग. गायब! मग मी अख्खी बादली ओतली आणि बायकोला हाक मारली.

"बघ! गेलं की नाही सगळं?"

तिने वाकून गाडीखाली बघितलं. "कुठे गेलं?"

"गेलं. ते महत्त्वाचं."

"अहो, पण जमीन कोरडी आहे."

"ऊन किती आहे. वाळली असेल."

"बादलीभर पाणी?"

"प्रत्येक गोष्टीचं गणित करायचं नसतं," मी म्हणालो. (हे वाक्य ती अजून मला ऐकवते. बहुतेक जेवताना.)

पाणी कुठे गेलं होतं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. 'फट्' आवाज नळी मोकळी झाल्याचा नव्हता, नळी जोडातून निसटल्याचा होता. अख्खी बादली डावीकडच्या पुढच्या सीटखाली, गालिच्याच्या आत जाऊन बसली होती. आणि त्या सीटची सगळी बटणं ज्या एका डबीतून चालतात, ती डबी नेमकी तिथेच असते.

रविवारी सकाळी अकराला आम्ही हॉस्पिटलच्या दारात. सासरे पुढे, पाय ताणून. मागे बायको, आणि सासऱ्यांच्या बरोबर मागे सासूबाई, मांडीवर वॉकर आडवा धरून. सीट पार मागे घेतली होती. सासऱ्यांनी गुडघा आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये हात धरून अंतर मोजलं.

"सहा बोटं. पुरेसं आहे," ते म्हणाले. बारा वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र. माझी छाती फुगली.

दोन चौक गेले. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली होती. मी मुद्दाम ब्रेक मारून दाखवला. छतातून एक थेंब आला नाही.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "डॅशबोर्ड जवळ येतोय."

"भास होत असेल, बाबा. भुलीचं औषध अजून उतरलं नसेल."

"तीस वर्षं मापं तपासली आहेत मी. सहा बोटं होती. आता चार आहेत."

मी वळून बघितलं. सीट सरकत होती. कुणीही बटणाला हात न लावता, अगदी शांतपणे, 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज करत ती सासऱ्यांना पुढे घेऊन चालली होती.

"तीन," सासरे म्हणाले.

"अहो, थांबवा ना!" बायको ओरडली.

"गाडी की सीट?"

"दोन्ही!"

मी गाडी कडेला घेतली. इथवर मला सगळी गंमत वाटत होती, पण त्या नव्या गुडघ्यावरचं बँडेज आणि ती लाकडी पट्टी यांच्यामधली फट बघून गंमत संपली. हा माणूस मला कितीही तपासू दे, माझ्या शब्दावर विसंबून तो या सीटवर बसला होता.

मी पलीकडे झेपावून दिसेल ते बटण दाबलं. सीट ऐकेना.

"दोन," सासरे म्हणाले. आवाज शांत, पण त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

शेवटी मी सीटखालच्या डबीवर मुठीने दणका घातला. (फोरमनने ऐकू नये, पण हा उपाय बत्तीस टोकांपेक्षा भारी निघाला.) सीट थबकली. उचकी लागल्यासारखी हलली. आणि उलटी निघाली. मागे, अजून मागे, आणि मग पाठही कलू लागली. सासरे हळूहळू, मोठ्या इतमामाने उताणे होत गेले आणि त्यांचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर, वॉकरच्या दोन दांड्यांच्या मधोमध येऊन थांबलं.

"इश्श! लोक बघताहेत," सासूबाई म्हणाल्या.

"मी काय करू? मला आणलं गेलंय," सासरे म्हणाले.

मी ताबडतोब सीटचा फ्यूज उपटला. मोटर मेली. सासरे आता पूर्ण आडवे, पाय सरळ, गुडघा सुखरूप. सर्जनने सांगितलं होतं त्याहून सरळ.

"लागलं का, बाबा?" मी विचारलं.

"नाही." त्यांची नजर छतावर गेली. "हा पंजा कुणाचा?"

"माझा."

"हं." मग, "खालून काहीतरी गरम लागतंय."

कंबर शेकायच्या यंत्राचा फ्यूज वेगळा होता. तो मला सापडेना. "बंद करतो, एक मिनिट, बंद करतो," असं म्हणत मी तारा चाचपायला लागलो.

"खबरदार!" सासरे गरजले. "इतके दिवस त्या हॉस्पिटलच्या खाटेवर कंबर मोडून गेली आहे. हात लावू नका."

सासऱ्यांच्या घरी पोचेपर्यंत ते घोरत होते.

प्रश्न पुढे आला. सीट उताणी, मोटर मेलेली, आणि सासऱ्यांना गुडघा न वाकवता उठता येईना. ते उठल्याशिवाय त्यांच्या डोक्याखालून सासूबाईंना निघता येईना. मी फ्यूज परत घातला तर सीट पुन्हा पुढे जायची भीती. शेवटी मान खाली घालून फोरमनला फोन केला. तो भावाला घेऊन आला, गालिचा दाबला, वर आलेलं पाणी बघितलं आणि या खेपेला हसला नाही. ते जास्त लागलं.

"चादर आणा," तो म्हणाला. "चौघं धरू आणि उचलू."

"चौघांनी उचललेलं मला चालणार नाही," आतून सासरे म्हणाले. "पाचवा बघा."

पाचवे वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. पाच जणांनी सासऱ्यांना घरात नेऊन पलंगावर ठेवलं. दोन तासांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी तयारीने गेलो. म्हटलं, बारा वर्षांचा हिशोब आज एकदम होणार.

"हा पलंग टणक आहे," ते म्हणाले. "मला ती सीट पाहिजे."

"कुठली सीट?"

"आणखी कुठली!"

तिसऱ्या दिवशी फोरमनने चार बोल्ट काढून सीट बाहेर काढली, डबी वाळवली, सासऱ्यांच्या हॉलमध्ये लाकडी पाटावर बसवली आणि बॅटरी जोडून दिली. सासरे त्या सीटवर महिन्याभरात बरे झाले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, एवढा सरळ पाय त्यांनी क्वचितच बघितला आहे. सासरे आता चालतात, फिरतात, आणि फिरून आल्यावर पुन्हा तिथेच बसतात. परत मागायला गेलो तर बटण दाबून उताणे झाले आणि डोळे मिटले.

तेव्हा माझं म्हणणं असं, की यात बिघडलं काय? काच पडत नाही. कापड लोंबत नाही. छतातून पाणी येत नाही. गुडघा शाबूत आहे. फोरमन म्हणतो विका, बायको म्हणते विका, ऑफिसातले म्हणतात विका. मी विकणार नाही! नळीही मीच जोडणार. पुढच्याच रविवारी.

एवढंच, की गाडीत आता माझ्या शेजारी सीट नाही. तिथे मी चटई अंथरली आहे. त्यामुळे बायको मागे बसते.

परवा तिला शाळेत सोडायला गेलो. गेटवर नवा वॉचमन होता. त्याने अदबीने मागचं दार उघडलं, तिला सलाम ठोकला, मग माझ्या काचेवर टकटक केली. काच खाली होत नाही, म्हणून मी दार उघडलं.

"ड्रायव्हर लोकांनी मागच्या गेटला थांबायचं," तो म्हणाला.

मी छाती काढून बाहेर उतरलो. मी कोण आहे ते त्याला चांगलं ऐकवणार, तेवढ्यात बायकोने मागे वळून सांगितलं, "चारला या हं," आणि आत निघून गेली. वळताना तिचे खांदे हलत होते.

वॉचमनने खिडकीतली पाचर बघितली, छतावरचा पंजा बघितला, चटई बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आपुलकीने म्हणाला, "तुमच्या मालकांना सांगा राव, गाडी एकदा चांगल्या माणसाला दाखवा. कुणीतरी अडाण्याने हात घातलेला दिसतोय."

"सांगून बघतो," मी म्हणालो. "पण माणूस ऐकणारा नाही."