आत्याच्या भिंतीतली गोल खिडकी

करार झाल्याशिवाय मी कागदावर साधी रेघ ओढत नाही. बावीस वर्षं आर्किटेक्ट आहे आणि माझा करारनामा चौतीस पानांचा आहे. गच्ची गळली तर जबाबदार कोण, मालकाला अर्ध्यावर जिना हलवावासा वाटला तर काय, कंत्राटदाराने नकाशात नसलेलं काही बांधलं तर कुणी कुणाला पत्र लिहायचं, सगळं त्यात आहे. माझे दोन-तीन मित्र वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारतायत. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटायचं.

पण हे सगळं ऑफिसात. आत्याकडे कोण करारनामा घेऊन जातं?

माझी आत्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. एकटीच राहते. पुस्तकं ठेवायला घरामागे एक खोली बांधायला काढली होती. रीतसर परवानगी होती, नकाशा दुसऱ्याच कुणीतरी काढलेला होता, आणि मी फक्त कॉफी प्यायला गेलो होतो.

"अरे, त्या मागच्या भिंतीवर फळ्या कुठे घेऊ, तेवढं सांग," आत्या म्हणाली.

टेबलावर एक जुनं मोठं पाकीट पडलं होतं. मी त्याच्या मागच्या बाजूवर भिंत काढली, फळ्या काढल्या. उठताना आत्याच्या डोक्याला लागू नयेत म्हणून फळ्यांचे कोपरे गोल केले. आता माझी एक खोड आहे. हाताने काढलं तरी मी प्रमाणात काढतो, मापं टाकतो, आणि खाली 'बांधकामासाठी मंजूर' असं लिहून तारखेसकट सही करतो. हात आपोआप चालतो. मग मी कप उचलला, उरलेली कॉफी संपवली आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी मी एका गिऱ्हाइकाबरोबर बाथरूमच्या फरशीच्या रंगावरून भांडत असताना फोन वाजला.

"साहेब, आत्याबाईंच्या खोलीवरचा मिस्त्री बोलतोय. ते गोल दाखवलंय ते पण करायचं ना?"

मला वाटलं, फळ्यांचे कोपरे. मिस्त्री लोकांना गोल कोपऱ्यांचा कंटाळा असतो, हे मला ठाऊक आहे.

"कागदावर आहे तसंच करा," मी जरा कडकपणे म्हणालो. "एक सूतही बदलायचं नाही."

"बरं साहेब," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला आदर जाणवला.

दोन महिन्यांनी आत्याने खोली बघायला बोलावलं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. फळ्या जागच्या जागी होत्या. कोपरे सुरेख गोल होते. आणि फळ्यांच्या उजवीकडे, छताच्या जरा खाली, बैलगाडीच्या चाकाएवढी गोल खिडकी होती. सागवानी चौकट, आत काच, मधोमध पितळी कडी. आगबोटीतून एखादी खिडकी उपटून आणावी आणि भिंतीत बसवावी तशी ती दिसत होती.

"सुताराला नुसत्या चौकटीला अठरा दिवस लागले," आत्या सांगत होती. "लाकूड वाकवताना दोनदा तडकलं. पण मी म्हटलं, भाच्याने काढलंय म्हणजे काहीतरी विचार असणार. आणि बघ ना."

तिने जमिनीकडे बोट दाखवलं. खिडकीतून आलेल्या उन्हाचा मोठा गोल तबकडीसारखा फरशीवर पडला होता, आणि त्याच्या वाटेवर आत्याने खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. नऊ वाजता इथे, दहा वाजता तिथे.

"दर तासाला थोडा सरकतो. पृथ्वी फिरते हे तीस वर्षं मी मुलांना तोंडी सांगितलं. आता दाखवते. गल्लीतली मुलं येतात बघायला. त्यांच्या आयासुद्धा येतात. मी सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या भाच्याची करणी."

ते पाकीट तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टाचलं होतं. मी जवळ गेलो. फळ्या, कोपरे, मापं, सही. आणि उजवीकडे वर एक तपकिरी वर्तुळ.

ती खिडकी मी काढलेली नव्हती. तिथे मी कप ठेवला होता.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण आत्या माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या तोंडून निघालं, "हो, उजेडाचा विचार केला होता."

पुढच्याच आठवड्यात नोटीस आली. आत्याच्या मागच्या घरात एक गृहस्थ राहतात. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना पॉलिसीकाका म्हणते. रोज सकाळी ते आपल्या अंगणात आखूड चड्डी घालून व्यायाम करतात. नोटीस त्यांचीच होती. तिच्यात लिहिलं होतं की मंजूर नकाशात कोरी असलेली भिंत फोडून खिडकी काढण्यात आली आहे, त्यामुळे अर्जदाराच्या खाजगी आयुष्यावर आणि विशेषतः शीर्षासनावर परिणाम झाला आहे. नोटीस दोघांच्या नावाने होती. एक घरमालकीण, आणि दुसरा ज्याची सही आहे तो.

मी नोटीस घेऊन मामेबहिणीकडे गेलो. ती वकील आहे. तिने सगळं ऐकलं, पाकिटाचा फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"दादा, अशी केस मी अजून पाहिली नाही. तो डाग नकाशाचा भाग धरायचा की नाही?"

"अगं, डाग आहे तो."

"पण सहीच्या वर आहे. सही नंतर केलीस ना? म्हणजे सही करताना डाग होता."

"मी लक्ष दिलं नाही."

"हे कुठेही बोलू नकोस. याला निष्काळजीपणा म्हणतात."

"बरं, मग मुद्दाम काढली असं म्हणू?"

"मग परवानगी नसताना शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी खिडकी तू मंजूर केलीस. ते त्याहून वाईट." तिने दोन्ही हात पसरले. "एका बाजूला बेफिकीर, दुसऱ्या बाजूला बेकायदा. कुठला आवडेल?"

"पण मी एक पैसाही घेतला नाही. करारसुद्धा नाही."

"घेतला नाहीस, पण सल्ला दिलास ना? तुझ्या शिक्षणाच्या भरवशावर समोरच्याने भिंत बांधली. करार नव्हता म्हणजे जबाबदारी नव्हती असं नाही. उलट तुला वाचवणारी चौतीस पानंही नव्हती." तिने पेनचं टोपण काढलं. "मला एक सांग, फोनवर मिस्त्रीने विचारलं तेव्हा तू नक्की काय म्हणालास?"

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

ठरलं असं की आधी सगळ्यांनी त्या खोलीतच बसून बोलायचं. रविवारी सकाळी पॉलिसीकाका आले, फाइल घेऊन. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आला. बहीण माझ्या शेजारी बसली आणि तिने कानात सांगितलं, "तू कमी बोल."

मिस्त्रीने सुरुवात केली. "मी साहेबांना विचारलं होतं. रेघा काळ्या आणि गोल तपकिरी. मला वाटलं, खिडकीला वेगळा रंग दिलाय. पट्टी लावली, मापाला बसलं. साहेब म्हणाले, एक सूतही बदलायचं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्यासुद्धा. तिच्या पायाजवळ उन्हाचा गोल सव्वादहाच्या खुणेवर आला होता. बहिणीने माझा पाय दाबला. मला एकदम वाटलं की कोर्टात काय व्हायचं ते होवो, पण या बाईला उजेडाच्या विचाराबद्दल मी आणखी एक शब्दही खोटं बोलू शकत नाही.

"आत्या," मी म्हणालो, "ती खिडकी मी काढलेली नाही. तो कॉफीच्या कपाचा डाग आहे."

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग पॉलिसीकाका हळूच उठले.

"तो कप आहे का घरात?"

आत्याने कप आणून दिला. काकांनी पाकीट टेबलावर ठेवलं, खिशातून भिंग काढलं आणि कप डागावर ठेवला. तो तंतोतंत बसला. त्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना इतकं सरळ खरं सांगितलं नसावं. त्यांच्या तोंडावर चक्क आनंद दिसत होता.

"बाई, तुम्हाला कधीच शंका आली नाही?" त्यांनी आत्याला विचारलं.

"शंका कसली? पहिल्या दिवसापासून माहीत होतं," आत्या म्हणाली. "कप माझा आहे. टेबलही मीच पुसलं."

"मग थांबवलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"अरे, खाली तुझी सही होती. मला वाटलं, तुम्ही लोक असंच काढत असाल."

काकांनी नोटीस मागे घेतली. अटी दोन. खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच लावायची, आणि सुधारित नकाशा माझ्या सहीने रीतसर दाखल करायचा. त्यांनी आत्याची खुर्ची खिडकीखाली ओढून, तिच्यावर चढून, आपलं अंगण किती दिसतं तेही पाहिलं. नंतर ते साडेअकराच्या खुणेपर्यंत तिथेच बसून राहिले. ऊन खरंच खुणेवर येतं का, हे त्यांना बघायचं होतं.

सुधारित नकाशा मी स्वतः काढला. टेबल रिकामं केलं, दार लावून घेतलं, वर्तुळ कंपासने काढलं, चारदा तपासलं आणि मग सही केली. पालिकेचा माणूस जागेवर येऊन मोजून गेला. गेल्या सोमवारी नकाशा शेऱ्यासकट परत आला: 'प्रत्यक्ष खिडकी पूर्ण वर्तुळाकार नसून रुंदीला सहा सेंटिमीटर जास्त आहे. संबंधित आर्किटेक्टने कारणासह लेखी खुलासा करावा.'

कारण मला माहीत आहे. कप उचलताना जरा सरकला असणार. हे कार्यालयीन भाषेत कसं लिहितात, ते तेवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.