साडेतीनचा किक-ऑफ

माझ्या मुलीच्या बारशाला, ऐन नाव ठेवायच्या वेळी, नेर्लेकर काका खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले. पाळणा हलतोय, बायका पाळणा म्हणतायत, आणि हे गृहस्थ हात पाठीमागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे! भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंना वाटलं, जर्मनीत बारशाला राष्ट्रगीत असतं. त्याही उठायला लागल्या. मिनिटभराने काका म्हणाले, "गेनाऊ, बरोब्बर. किक-ऑफ झाला," आणि बसून पेढा तोंडात टाकला.

शनिवारचे साडेतीन वाजले होते. इंग्लंडात अडीच.

स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनमध्ये काका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. एकटेच. वय साठीला टेकलेलं, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, जर्मनीत अठ्ठावीस वर्षं काढलेली. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नुकताच आलेला. जिना झाडायची पाळी, म्हणजे ती केरवोखं, आमची असली की बायकोला आधी घाम फुटायचा. मग काका स्वतः झाडू घेऊन खाली यायचे आणि तिला कोपरा कसा काढायचा ते दाखवायचे. तेही शनिवारी, आणि साडेतीनच्या आत.

कारण साडेतीनला यॉर्कशायरमधल्या कुठल्याशा गावात रग्बी लीगची मॅच सुरू व्हायची. हौशी संघांची, तीही खालून दुसऱ्या डिव्हिजनची. खेळणारे प्लंबर, शाळामास्तर, खाटीक. बघायला गावातली चाळीस माणसं आणि त्यांची कुत्री. टीव्हीवर हे कोण दाखवणार? काकांनी या क्लबची एकही मॅच डोळ्यांनी बघितलेली नव्हती. गावातलं साप्ताहिक टपालाने यायचं गुरुवारी. आणि शनिवारी संध्याकाळी ते क्लबच्या बारमध्ये फोन लावून स्कोअर विचारायचे. तिथला म्हातारा मॅनेजर त्यांना 'मिस्टर जर्मनी' म्हणायचा. सप्टेंबर ते एप्रिल असा हा कारभार चालायचा. जानेवारीत मैदान गोठून मॅच रद्द झाली की काका आठवडाभर सुतक पाळल्यासारखे वावरायचे.

"काका, आपल्या माणसाने क्रिकेट बघावं. हे रग्बीचं खूळ कुठून डोक्यात शिरलं?" मी विचारायचो.

"रग्बी नाही, रग्बी लीग," ते बोट उगारायचे. "रग्बी म्हणजे पंधरा जणांची ढकलाढकली. लीगमध्ये तेरा. आणि सहा टॅकल! सहा वेळा तुला पाडेपर्यंत बॉल तुझा. सहाव्यांदा पडलास की निमूट समोरच्याला द्यायचा. कुरकुर नाही. आल्झो, तर मग, माणसाने असं जगावं."

आणि जगायचेही तसंच. घरमालकाला हीटिंगबद्दल सहा पत्रं लिहिली, त्याने दाद दिली नाही, तेव्हा सातवं न लिहिता दोन स्वेटर घालून हिवाळा काढला. आमच्याकडे जेवायला बसले की पोळीला पाच वेळा "नको" आणि सहाव्यांदा निमूट ताट पुढे. मृणाल, माझी बायको, मग एका दमात सहा वेळा "घ्या, घ्या" म्हणून मोकळी व्हायची.

संघातला एक खेळाडू मात्र त्यांचा खास लाडका होता. दोन नंबरच्या जर्सीचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा. साप्ताहिकात त्याचं नाव आलं की काका खाली येऊन मला वाचून दाखवायचे. 'वारा सुटला तसा पळाला' असं कुणीतरी लिहिलं होतं, ते तर मला तीन वेळा ऐकवलं. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, एकट्या माणसाला काहीतरी छंद हवाच.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढची लाज माझी आहे. त्या काळात आमच्या मराठी मंडळींत कुणाला सरकारी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, किंडरगेल्ड म्हणजे मुलांचा भत्ता, परवाने, सगळे फॉर्म मी भरायचो. काका मला 'फॉर्मुलार महाराज' म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं. पुण्याचा माणूस मी. विचारल्यावर "माहीत नाही" म्हणणं आमच्या रक्तात नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय!

मार्चमध्ये काका एक कार्ड घेऊन खाली आले. सीझनचं वेळापत्रक होतं, शेवटच्या मॅचभोवती निळ्या शाईने गोल केलेला.

"ही जिंकले तर वरच्या डिव्हिजनला जातात," ते म्हणाले. "ही मला डोळ्यांनी बघायचीय. मँचेस्टरपर्यंत विमान, पुढे बस. कागद काही लागतील का रे?"

मी पोहे खात होतो. "काका, तुमचं राहण्याचं परमिट उनबेफ्रिस्टेट आहे ना? कायमचं?"

"हो, आहे की."

"मग झालं तर! पॅरिसला गेलात, व्हिएन्नाला गेलात, कुणी काही विचारलं? युरोप आहे हो सगळा. बिनधास्त जा."

काकांचा पासपोर्ट भारतीयच होता. तो सोडायचा नाही, हा त्यांचा आणखी एक हट्ट. त्यामुळेच की काय, पुढच्या पाच आठवड्यांत त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. जिन्यात विचारलं, कचरा टाकताना विचारलं, बेकरीच्या रांगेत विचारलं. शेवटी मी चिडलो. "काका, सहावा टॅकल झाला. द्या आता बॉल!" ते हसले आणि पुन्हा विचारलं नाही. फोन उचलून एकदा कुणाला विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निघायच्या आधी त्यांनी मृणालकडून बेसनाचे लाडू करून घेतले. तेरा खेळाडू, चार बदली, एकूण सतरा. त्यातला एक बिनवेलचीचा.

"एका लाडवासाठी वेगळं बेसन भाजू?" मृणाल वैतागली. "कुणासाठी?"

"विंगरला वेलची चालत नाही."

"हे पण पेपरात येतं का हो?" मी विचारलं. आम्ही दोघं खो खो हसलो. काकाही हसले.

शनिवारी सकाळी मी त्यांना स्टुटगार्टच्या विमानतळावर घेऊन गेलो. काकांनी कोट घातला होता, टाय लावला होता. काउंटरवरच्या बाईने पासपोर्टची पानं एकदा उलटली, पुन्हा उलटली आणि विचारलं, "ब्रिटनचा व्हिसा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

मी तावातावाने पुढे झालो. उनबेफ्रिस्टेट दाखवलं, अठ्ठावीस वर्षं सांगितली, आवाज चढवला. बाई शांतपणे तेच सांगत राहिली, की इथलं परमिट इथलं, इंग्लंड त्यात येत नाही, भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो, त्याशिवाय विमानात बसवता येणार नाही. मागची रांग खोळंबली. काकांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "चल रे."

मग ते फोनच्या खांबापाशी गेले, नाणी टाकली आणि इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलून फोन ठेवला. गाडीत मी दहा वेळा माफी मागितली असेल. "होतं असं," एवढंच म्हणाले आणि लाडवांचा डबा मांडीवर धरून बसले.

घरी येऊन मी जेवलो नाही. तीन वाजता राहवेना, वर गेलो. काका कोट-टायमध्येच स्वयंपाकघरात बसले होते. समोर डबा होता, आणि शेजारी ते वेळापत्रकाचं कार्ड, पालथं. मागे निळ्या शाईत इंग्रजीत एकच ओळ होती: 'जमलं तर या. माझी शेवटची मॅच आहे.'

"विंगर?" मी विचारलं.

"मुलगा," काका म्हणाले.

काकांची बायको इंग्रज होती, हे मला तेव्हा कळलं. तिचं इथे मन रमलं नाही आणि यांचं कामातून डोकं वर निघालं नाही. मुलगा सात वर्षांचा असताना ती त्याला घेऊन माहेरी गेली आणि तिकडे त्याला तिचंच आडनाव लागलं. लग्नानंतर काका एकदा सासरी गेले होते, पण तेव्हाचे सगळे कागद तिनेच केले होते. यांनी नुसती सही केली होती. मुलगा अठराचा झाल्यापासून काका दर वाढदिवसाला एक पत्र पाठवत होते. सहाव्या पत्राला हे उत्तर आलं होतं.

"काका, पुढच्या सीझनला जाऊ. मी स्वतः फॉर्म..."

"पुढचा सीझन कुठला? तो ऑस्ट्रेलियाला चाललाय, कायमचा. म्हणून तर बोलावलं."

"मग मी आत्ता क्लबमध्ये फोन करतो. सगळी चूक माझी आहे, सांगतो त्याला."

"नको. सकाळी मॅनेजरकडे निरोप ठेवलाय."

"काय सांगितलंत?"

काका डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. "एवढी वर्षं युरोपात काढून बापाला व्हिसाचं कळत नाही, हे कसं सांगू रे? काम निघालं, म्हणून सांगितलं." मग म्हणाले, "लहानपणी दर सुट्टीत तो फोन करून विचारायचा, डॅडी येतोस का? मी हेच सांगायचो, काम निघालं. तेव्हा ते खरं होतं. आता खरं लिहून कळवलं, तरी त्याला तेच वाटणार."

त्यांनी डबा उघडला. कागदात वेगळा बांधलेला लाडू काढला, मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"सात वर्षांचा असताना नव्हती आवडत वेलची," ते म्हणाले. "आता आवडतही असेल."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले. काका खुर्चीला धरून उठले, हात पाठीमागे बांधले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मीही उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.