ढब्बू-ठकीचा ड्यूटी चार्ट

मुलीने फोनवर विचारलं आणि तिचे बाबा, म्हणजे डेपोतले चार्टवाले, "आण की" म्हणून मोकळे झाले, इतकीच काय ती त्यांची चूक. मुलीला नोकरीच्या गावी खोली मिळाली होती, पण घरमालकाला मांजर चालत नव्हतं. मग तिची मांजर ठकी कुठे जाणार? आईबापांच्या गळ्यात! आणि घरात आधीच ढब्बू होता, आठ वर्षांचा, वासराएवढा कुत्रा.

दोघांची नजरानजर झाली आणि ठकी पडद्यावर, ढब्बू टीपॉयवर, टीपॉय आडवा. बायकोने चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी तिच्या शिलाई मशीनवरचा गिऱ्हाइकाचा नवाकोरा ड्रेस फाटला, तेव्हा तिने शांतपणे सांगून टाकलं, की रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर ढब्बू माझ्या भावाकडे जाईल. (बायको शांतपणे बोलते तेव्हा ती बोलते तसंच करते, हे चार्टवाले पुरते ओळखून होते.)

ढब्बूला चार्टवाल्यांनी ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं होतं. त्याच्याशिवाय घरात पाऊल टाकायची कल्पनाच त्यांना सोसेना.

पण हा गृहस्थ बस डेपोत ड्यूट्या लावणारा. एकमेकांना पाण्यात पाहणारे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी वीस वर्षं समोरासमोर येऊ दिले नव्हते. इथे तर दोनच कर्मचारी! त्यांनी कागदावर रेघा मारल्या आणि चार्ट फ्रिजवर चिकटवला. सहा ते नऊ ढब्बू हॉलमध्ये, ठकी स्वयंपाकघरात. नऊला अदलाबदल. शिवाय प्रत्येकाला एक साप्ताहिक सुट्टी. (कशापासून, ते विचारू नका.)

घरी असले की ते ढब्बूला पट्ट्याला धरून ओढायचे, ठकीला काखोटीला मारायचे आणि दारं आपटत सुटायचे. हातभर ओरखडे पाहून डेपोत लोक चौकशी करू लागले. मांजराने केले, असं त्यांनी खरं तेच सांगितलं, पण कोणाचाही विश्वास बसला नाही. सगळे त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहू लागले.

शनिवार उजाडला तरी भांडण तसंच. चार्टवाल्यांनी धास्तीने हाफ डे टाकला आणि दुपारची अदलाबदल जातीने करायला घरी आले. खिडकीतून पाहतात तो काय, ढब्बू ऐसपैस पसरलेला आणि त्याच्या पोटावर डोकं टेकून ठकी गाढ झोपलेली! त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी हळूच दार उघडलं.

ढब्बूने त्यांना पाहिलं. ठकीनेही पाहिलं. पुढच्या क्षणी ठकी पडद्यावर होती, ढब्बू टीपॉयवर आणि टीपॉय आडवा.

"अगं, आत्ता तर गुण्यागोविंदाने झोपले होते!"

"रोजच झोपतात," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुम्ही गेलात की मी सगळी दारं उघडी टाकते. चार्ट लागल्यावर पहिले दोन दिवस थोडी फिसफिस केली, मग गप्प झाले. तुम्ही येऊन ओढाओढ सुरू केलीत की पुन्हा पेटतात."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही चार्टवर नव्या रेघा मारत होतात."

चार्टवाल्यांनी टीपॉय उभा केला. "म्हणजे, ढब्बू जाणार नाही ना?"

"ढब्बू राहील, ठकीही राहील. तुमची ड्यूटी तेवढी जरा लांबवून घ्या."

साहेब ऐकायचे नाहीत, असं म्हणायला चार्टवाल्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डेपोतल्या सगळ्या ड्यूट्या तेच लावतात, हे बायकोला माहीत होतं.